चेहरा आणि उजेड

खिशात शंभराची किंवा पाचशेची नोट असेल तर ती बाहेर काढावी आणि समोरच्या दिव्याकडे धरावी. घाबरण्याचे कारण नाही. वर्गणीचे पावतीपुस्तक आम्ही आज घरी ठेवून आलो आहोत. नोटेचा जो भाग एरवी कोरा दिसतो त्यात आता गांधीजींचा चेहरा उमटलेला दिसेल. त्या जागी शाईचा ठिपकाही नाही. कागद जेथे दाट आहे तेथून उजेड कमी येतो, विरळ आहे तेथून अधिक येतो, आणि एवढ्याच कमीअधिकपणातून कपाळ, चष्मा, गाल सारे साकार होते. हा कागद बाहेरगावी तयार होतो. परंतु त्यावर छपाई करणाऱ्या देशातील मोजक्या छापखान्यांपैकी एक, १९२८ साली सुरू झालेला, आमच्या नाशिकरोडला आहे. नोटेवर जी गांधीजींची छबी आपण पाहतो ती १९४६ साली दिल्लीत निघालेल्या एका फोटोवरून घेतलेली आहे. मूळ फोटोत त्यांच्या शेजारी लॉर्ड पेथिक-लॉरेन्स होते. फोटो काढणाऱ्याचे नाव मात्र कोणास ठाऊक नाही. चेहरा कोट्यवधी वेळा छापला गेला आणि काढणारा हात अनामिक राहिला. संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसास यात नवल वाटत नाही. असो.

नोट पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात यावी. चित्रातला चेहरा म्हणजे नाक, डोळे, ओठ यांची यादी नव्हे. उजेड कोठे पोहोचला, कोठे अडला आणि कोठून हळूहळू ओसरत गेला, याचा तो हिशेब आहे. हिशेब चुकला की माणूस चुकतो. मग यंत्र पाच हजारांचे असो की पाच लाखांचे.

कामगार संघटनेच्या माणसाने फोटोग्राफीवर बोलावे हे कित्येकांस विचित्र वाटेल. आमचा या विषयाशी संबंध आला तो हौसेने नव्हे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमचा एक सभासद, पॉलिशखात्यातला, रात्रपाळीहून सायकलने घरी जाताना रस्त्यात गेला. तेराव्याला भिंतीवर लावण्यासाठी फोटो हवा होता. घरात लग्नातला एक समूह-फोटो होता. त्यात त्याचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. दुसरा एकच फोटो, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा. तोच मोठा करून आणला. पाठीमागची भिंत लख्ख पांढरी, आणि तिच्यासमोर एक काळा लंबगोल, त्यात डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. त्याच्या आईने चौकटीवरून हात फिरविला आणि म्हणाली, "हा माझा नाही." पुढे कोणीच काही बोलले नाही. बावीस वर्षे नोकरी झाली, आणि चेहरा काय तो एकदा काढला गेला, तोही फाटकापाशी, रांगेत उभे करून, पाच-दहा सेकंदांत.

भरपाईचे प्रकरण आम्ही लढविले; ते आमचे नेहमीचे काम. परंतु त्या म्हातारीचे वाक्य डोक्यातून जाईना. तेव्हा आम्ही एक जुना कॅमेरा विकत घेतला, सार्वजनिक वाचनालयात बसून मिळतील ती पुस्तके चाळली, आणि प्रत्येक सभासदाचा एक तरी नीट फोटो काढावयाचा असे ठरविले. पहिले शंभर फोटो वाईट निघाले. पुढे जे सांगणार आहोत ते त्या शंभरांनी शिकविलेले आहे.

त्या ओळखपत्राच्या फोटोत काय चुकले होते ते प्रथम पाहू. कॅमेऱ्यात उजेड मोजण्याची सोय असते, तिला माणूस कळत नाही. आपल्यापुढे जे काही आहे ते सरासरीने मध्यम राखी रंगाचे असणार, असे ती धरून चालते. पुढे मोठी पांढरी भिंत आली की ती समजते, उजेड फार झाला. आणि उजेडाला कात्री लावते. भिंत थोडी मळकट होते, चेहरा मात्र अंधारात जातो. माणूस सावळा असेल, आणि आमच्यातले बहुतेक सावळेच, तर त्याचे नाकडोळे बुडून जातात. उपाय सोपा आहे. मोजणी भिंतीवरून न करता चेहऱ्यावरून करावी. आजच्या मोबाइलमध्ये पडद्यावरील चेहऱ्यावर बोट टेकविले की बहुधा एवढे काम होते. तरी काळसर वाटल्यास बोट वर सरकवून उजेड वाढवावा. दुसरे, माणसास भिंतीला चिकटवून उभे करू नये. तीन-चार हात पुढे घ्यावे, म्हणजे त्याची सावली भिंतीवर भुतासारखी उभी राहत नाही.

आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश? तो जिथून पाहतो तिथूनच उजेड फेकतो. सावल्या पडतात त्या नेमक्या चेहऱ्यामागे, पाहणाऱ्यास न दिसणाऱ्या. सावली नाहीशी झाली की नाकाची उंची, गालाचा उतार, हनुवटीची धार सारे सपाट होते. घामेजलेले कपाळ तेवढे चमकते. अंधाऱ्या खोलीत बाहुली मोठी झालेली असते, तिच्यातून उजेड आत जातो आणि डोळ्याच्या पडद्यावरील रक्ताचा रंग घेऊन सरळ भिंगाकडे परततो. म्हणून लग्नाच्या फोटोत सारे वऱ्हाड लाल डोळ्यांचे दिसते. फ्लॅश ही अडीअडचणीची वस्तू आहे, बदली कामगारासारखी. तिच्यावर कारखाना चालवू नये.

मग उजेड आणावा कोठून? नाशिकमध्ये उजेडाची टंचाई नाही. असलीच तर त्याला वळण लावण्याची आहे. ही व्याख्यानमाला मे महिन्यात भरते. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास, सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच विरते. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असाच दुसरा दिवस येतो, तो बहुधा ढगात जातो. मे महिन्यातल्या त्या भर दुपारी शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. भुवयांची सावली पडून डोळ्यांच्या दोन खोबणी झालेल्या दिसतील, नाकाची सावली ओठांवर मिशीसारखी उतरलेली असेल, आणि माणूस उगीच रागावलेला वाटेल. गंमत अशी की, घरोघरी फोटो काढतात ते नेमके याच वेळी, कारण "उजेड चांगला आहे". उजेड भरपूर असणे आणि चांगला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही एक साधे माप ठरविले आहे. आपली सावली आपल्या उंचीहून लांब असेल तोवर उन्हात फोटो काढावा. आखूड झाली की सावलीत जावे.

सावलीत जावे म्हणजे कोठे? येथे आमच्या जुन्या नाशिकच्या वाड्यांची आठवण होते. मधला चौक आकाशाला उघडा, चहूबाजूंनी ओसरी. चौकातले ऊन फरशीवर आणि चुन्याच्या भिंतींवर आपटून ओसरीत येते. ओसरीच्या कडेला, छपराच्या आत हातभर, बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो महागड्या स्टुडिओतही सहज साधत नाही. कारण काय? सावलीची धार तीक्ष्ण की मऊ हे दिव्याच्या जोरावर नव्हे, तर चेहऱ्याच्या मानाने तो उजेड केवढा मोठा दिसतो यावर ठरते. सूर्य प्रचंड खरा, पण इतका लांब की आपल्याला तो नाण्याएवढा दिसतो. म्हणून त्याची सावली चाकूने कापल्यासारखी पडते. ढग आला की सारे आभाळच दिवा बनते आणि सावलीची कड विरघळते. आषाढात, पावसाची सर थांबून गेल्यावर, गोदाघाटावरचे भिकाऱ्याचेही तोंड राजासारखे दिसते ते यामुळेच. उन्हाळ्यात ढग नसेल तर दोन माणसांनी एक पांढरे धोतर डोक्यावर ताणून धरावे. जुन्या काळी सिनेमावाले हेच करीत.

सिनेमाचा विषय निघाला तर आपल्या जिल्ह्याच्या माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४ साली नाशकात वारले. ते चित्रपटाचे जनक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्याआधी ते पोटासाठी फोटो काढीत हे फार थोड्यांना ठाऊक असते. बडोद्याच्या कलाभवनात शिकून त्यांनी गोध्र्यास फोटोग्राफीचा धंदा केला. कॅमेऱ्याने माणसाच्या अंगातील शक्ती ओढली जाते, अशी तेव्हाच्या लोकांची भीती होती म्हणतात. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्या चित्रपटातील महालाचे प्रसंगही उन्हाच्याच उजेडात घेतलेले होते. पुढे फाळके नाशकास आले आणि येथे त्यांनी चित्रपट काढले. १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. चित्रपटाच्या आरंभी कथा नाहीच. आहे तो केवळ त्या मुलीचा चेहरा, जवळून. ती हसते, रुसते, रागावते, आणि मग तोच चेहरा कृष्णाच्या वेषात दिसू लागतो. हा भाग सुदैवाने टिकला आहे. संधी मिळाल्यास अवश्य पाहावा. लोक देवाचा चमत्कार पाहावयास आले असता या गृहस्थाने त्यांना आधी एका पोरीचे तोंड दाखविले, यात आम्हांस त्यांच्यातला जुना फोटोग्राफर दिसतो.

आता प्रत्यक्ष कृती. वाडे राहिले नाहीत. आमच्या कचेरीला चौक नाही, ओसरी नाही, एक दार आहे. पण दार पुरते. माणसाला उंबऱ्यापासून दोन हात आत स्टुलावर बसवावे, दाराकडे एक खांदा करून. मग चेहरा दाराकडे अर्धा वळवावयास सांगावे. काढणाऱ्याने दाराच्या चौकटीलगत, आतल्या बाजूस उभे राहावे. दाराकडचा गाल उजळेल, पलीकडचा सावलीत जाईल. आता नाकाची सावली पाहावी. ती पलीकडच्या गालावर तिरकी, ओठाच्या कोपऱ्याच्या रोखाने उतरली, पण ओठाला भिडली नाही, म्हणजे बैठक जमली. पलीकडचा गाल अगदीच काळवंडला तर त्या बाजूला हातभर अंतरावर पांढरे धोतर, पत्र्याचा पांढरा फलक, काहीच नसेल तर उघडलेले वर्तमानपत्र धरावे. आलेला उजेड त्यावरून परतून गालावर पडतो. फार जवळ धरू नये, नाहीतर दोन्ही गाल सारखे होऊन पुन्हा फ्लॅशचेच रडगाणे.

यात एक खोच आहे, ती समजण्यास आम्हांस दोन वर्षे लागली. दार जमिनीपर्यंत उघडे असते. बाहेरच्या फरशीवरचे ऊन त्यातून खालून वर येते आणि हनुवटीखाली, नाकपुड्यांत शिरते. नाटकात राक्षसाच्या तोंडाखाली दिवा ठेवतात तसे. म्हणून दाराचा खालचा निम्मा भाग पोते टांगून झाकावा. उजेड छातीच्या वरून यावा, आभाळातून आल्यासारखा. खिडकी असेल तर हे काम तिने आधीच केलेले असते. बरोबर झाले की नाही याची साक्ष डोळे देतात. बुबुळात दाराचे एक पांढरे प्रतिबिंब दिसते, ते बाहुलीच्या वरच्या अंगाला असावे. ते नसेल तर डोळा विझलेला वाटतो. हल्ली मुले तोंडापुढे गोल दिव्याचे कडे लावून फोटो काढतात, त्यांच्या डोळ्यांत पाहा, दोन पांढऱ्या बांगड्या दिसतील. आम्ही त्यास वाईट म्हणत नाही, पण एका गावातल्या साऱ्या पोरांचे डोळे एकाच कारखान्यात तयार झाल्यासारखे दिसतात खरे.

अंतराचा नियमही सांगून टाकू. लहान दिव्यापासून माणूस दुप्पट लांब गेला की त्याच्यावर पडणारा उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट लांब गेला की नववा हिस्सा. एवढी पगारकपात कोणत्याही मालकाने केलेली आम्ही पाहिली नाही. दारासारख्या मोठ्या उजेडाला हा हिशेब तंतोतंत लागत नाही, तरी कल तोच. म्हणून माणूस दाराजवळ असला तर मागची खोली आपोआप अंधारात जाते. मागचे कपाट, कॅलेंडर, दोरीवरचे कपडे काही झाकावे लागत नाही. माणूस आत आत सरकविला की तो आणि कपाट एकाच उजेडाचे भागीदार होतात, आणि फोटो कपाटाचाही निघतो.

सावळ्या रंगाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण सर्वांत अधिक अन्याय तेथे होतो. आमच्या लहानपणी फोटो काढण्याआधी तोंडाला पावडर थापीत; मुलीच्या स्थळासाठी असेल तर गळ्यापर्यंत. परिणाम असा की चेहरा राखेचा आणि हात मातीचे. हा दोष एका गावाचा नव्हता. रंगीत फोटोंच्या काळात कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळविण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुन्याचे चित्र पाठवी, त्यावर गोरी बाई असे. तिच्या कातडीचा रंग जुळला की यंत्र बरोबर. पुढे गडद रंगांचे बारकावे दाखविणारी फिल्म निघाली, तीही काळ्या माणसांच्या तक्रारीपेक्षा लाकडी सामान आणि चॉकलेट यांच्या व्यापाऱ्यांनी ओरड केली म्हणून, असे सांगतात. आमचे सभासद हे ऐकून हसतात. तक्रार कोणाची यावर सुनावणी ठरते, हे त्यांना शिकवावे लागत नाही.

सावळा चेहरा कसा पाहावा हे आम्हांस काळाराम मंदिरात कळले. ज्या मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, त्याच मंदिरातली रामाची मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. आरती होत असताना, ताम्हण फिरते तेव्हा, मूर्तीच्या चेहऱ्याकडे नीट पाहावे. ज्योत समोर असते तेव्हा फारसे काही दिसत नाही. ती बाजूला गेली की गालावरून एक चकाकीची रेघ धावते आणि गालाचा घाट एकदम प्रकट होतो. गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावल्या दाखवितात, काळ्या चेहऱ्याचा आकार चकाकी दाखविते. तेव्हा सावळ्या माणसावर नुसता अधिक उजेड ओतून उपयोग नाही. तो बाजूने आला पाहिजे आणि मोठा पसरट असला पाहिजे, म्हणजे चकाकी ठिपक्यासारखी न पडता लांब, मऊ उतरते. पावडर पुसून टाकावी. तोंडावर किंचित तेलाचा किंवा घामाचा ओलावा असला तर बिघडत नाही, उलट मदतच होते. मागे पांढरी भिंत नको. विटांची, मातीची, निळसर चालेल. आमच्या ओतकामखात्यातल्या सभासदांचे फोटो आम्ही पाळी सुटल्यावर, तोंड धुऊन ते पुरते वाळण्याआधी काढतो.

वय झालेल्यांच्या बाबतीत मात्र विचारून काढावे. आडवा उजेड सुरकुतीसुरकुतीत सावली भरतो. समोरचा मऊ उजेड ती पुसतो. एका निवृत्त फिटरने आम्हांस सांगितले, "रेषा राहू द्या, त्या भट्टीपुढे मिळवल्यात." त्याच्या बायकोने सांगितले, "माझ्या पुसा." दोघांचेही ऐकले, तिला दाराकडे तोंड करून बसविले, त्याला दाराला खांदा देऊन. चष्मा असेल तर दार काचेत उतरते. हनुवटी बोटभर खाली घ्यावयास सांगावे किंवा चष्म्याच्या काड्या कानामागे किंचित उचलाव्यात. टोपी, पगडी, शिरस्त्राण यांची कड डोळ्यांवर सावली टाकते, तेव्हा बसणाऱ्याच्या मांडीवर पांढरा कागद ठेवावा. आणि सरकारी कागदाला फोटो हवा असेल तर ही सारी कला गुंडाळून ठेवावी. तेथे चेहऱ्यावर किंवा मागे सावली चालत नाही. माणसाला दाराकडे सरळ तोंड करून बसवावे, आपण दारातच पाठमोरे, पण उजेड अडणार नाही असे एका अंगाला उभे राहावे.

मोबाइलची यंत्रे आता पुष्कळ शहाणी झाली आहेत. ती मागचे धूसर करतात, चेहरा हुडकतात, कातडी गुळगुळीत करून देतात. हे शेवटचे आम्ही बंद करून ठेवतो. कारखान्यात भाजलेल्या हाताचा फोटो भरपाईच्या दाव्याला जोडावयाचा होता, तेव्हा एका हौशी मुलाच्या मोबाइलने तो डाग पुसून दिला होता.

आमच्या कचेरीत फरशीवर खडूने एक चौकोन काढलेला आहे, उंबऱ्यापासून दोन हात. स्टुलाचे पाय त्यात बसतात. दार उत्तरेचे आहे. विलायती पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीचे फार गोडवे, कारण तिकडे त्या खिडकीतून ऊन जवळजवळ येत नाही. नाशकात तसे नाही. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, आणि सकाळी आठच्या सुमारास त्याची एक तिरीप सरळ चौकोनावर येते. तेवढ्यापुरते दाराला धोतर बांधतो. पहिल्या पाळीचे लोक साडेतीननंतर येतात, तोवर ते सोडलेले असते. माणूस आला की आम्ही आधी त्याला चहा देतो, स्टुलावर बसवितो, आणि कॅमेरा हातात न घेता बोलत राहतो. पाच मिनिटांनी त्याचे खांदे खाली येतात, आणि मग चेहरा दाराकडे वळतो.